डॅशबोर्डवरचा चौरंग

मालिनीताई गायधनी निवृत्त झाल्या त्याच महिन्यात त्यांनी ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं आणि पंचवटीतल्या त्यांच्या आळीत हशा पिकला. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकाच्या टेबलावर बसलेली बाई, उंची जेमतेम पाच फूट, आणि चालली क्लच दाबायला. शिकवणारा माणूस तिसऱ्या दिवशी म्हणाला की काकू, तुम्ही शिक्का मारल्यासारखा गिअर टाकता. मालिनीताईंनी ते कौतुक म्हणूनच घेतलं. परीक्षेत पहिल्याच फटक्यात पास झाल्या, आणि दसऱ्याला एक छोटी लाल गाडी दारात उभी राहिली.

गाडी घ्यायला कारणही तसंच होतं. त्यांचे पती वेणीमाधव गुरुजी रामकुंडावर विधी करत, शिवाय दिंडोरी-सिन्नरकडच्या गावांतून पूजेला जात. इतकी वर्षं ते पूजेच्या सामानाची पिशवी मांडीवर घेऊन एसटीने हिंडले. सकाळी ते कुंडावर, साडेनवाला या कचेरीत, अशी दोघांची उभ्या उभ्या गाठ पडायची. आता मात्र गुरुजी शेजारच्या सीटवर, मालिनीताई स्टिअरिंगवर. गुरुजी अथर्वशीर्ष म्हणत आणि गतिरोधक आला की मंत्र थांबवून 'हळू' म्हणत. वाटेत पेरू घ्यायचा, झाडाखाली चहा प्यायचा, आणि कधी नव्हे त्या गप्पा मारायच्या. आपला संसार आत्ता कुठे सुरू झाला असं मालिनीताईंना वाटे, आणि त्यांनी ते गुरुजींना सांगूनही टाकलं होतं. गुरुजी लाजले होते.

गुरुजींनाही गाडीचा लळा लागला. गुढीपाडव्याला त्यांच्या डोक्यात आलं की काचेखालची डॅशबोर्डची ती काळी सपाट जागा म्हणजे आयता चौरंगच आहे. झालं. त्यांनी तिथे कोरं पांढरंशुभ्र वस्त्र अंथरलं, वर पितळी गणपती बसवला, आणि वस्त्राबाहेर उरलेल्या काळ्या प्लास्टिकला पूजेतलं खोबरेल चोळून चोळून लावलं. दर शुक्रवारी वस्त्र बदललं जाई, चिंचेने गणपती घासला जाई, तेलाचा नवा हात फिरे. आळीतली माणसं काचेतून डोकावून वाहवा करत.

आणि वैशाख लागला तसं मालिनीताईंना दिसेनासं झालं.

सकाळी सगळं ठीक. पण उन्हं चढली की समोरच्या रस्त्यावर कुणीतरी पांढरा पडदा धरल्यासारखं होई, आणि त्या पडद्यात एक पिवळा ठिपका. त्यांच्या आईला याच वयात मोतीबिंदू झाला होता, तेव्हा निदान त्यांनी स्वतःच करून टाकलं आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाडी गेली असती. मान पुढे काढून, डोळे बारीक करून, पडद्याच्या कडेने रस्ता बघत त्यांनी तीन आठवडे रेटले. अखेर एका दुपारी द्राक्षबागेतून निघालेला फवारणीचा ट्रॅक्टर त्यांना अगदी हाताशी आल्यावर दिसला. त्यांनी ब्रेक दाबला, गुरुजींच्या हातातला तांब्या कलंडला आणि धोतर भिजलं. घरी मुलाने धोतराचं विचारलं. गुरुजींना खोटं बोलता येत नाही.

मुलगा मयुरेश अंबडच्या एका कारखान्यात इंजिनीअर. स्वभावाने काळजीखोर, बापावर गेलेला. दुसऱ्याच दिवशी त्याने आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पिवळ्या ठिपक्याचं ऐकून थेंब घातले, दोन यंत्रांतून बघितलं आणि सांगितलं की डोळे उत्तम आहेत, या वयाला हेवा वाटावा इतके. मयुरेशचं समाधान झालं नाही. त्याने चावी आपल्या खिशात ठेवली आणि आता बाबांना मीच नेईन म्हणाला. मालिनीताई भांडल्या नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून घासले, परत भरले, आणि मग नुसत्याच बसून राहिल्या. नोकरी सुटली तेव्हाही त्यांना इतकं वाईट वाटलं नव्हतं.

रविवारी दिंडोरीला लंकाबाईंकडे सत्यनारायण होता. लंकाबाई म्हणजे गुरुजींच्या जुन्या यजमान, द्राक्षबाग स्वतः उभी केलेली बाई. मयुरेशला सुट्टी होती, त्याने गाडी काढली. गुरुजी त्याच्या शेजारी आणि मालिनीताई या गाडीत पहिल्यांदाच मागच्या सीटवर, फुगून. साडेअकरा झाले होते. म्हसरूळ मागे पडलं तशी मालिनीताईंना एक गंमत दिसू लागली. मयुरेशची मान हळूहळू पुढे निघाली होती. मग त्याने डोळे बारीक केले. मग कोरड्या काचेवर वायपर फिरवला, पाणी उडवून परत फिरवला, शेवटी रुमाल काढून आतून काच पुसली. बत्तीस वर्षांचा पोरगा, कालपर्यंत क्रिकेट खेळणारा, हुबेहूब आपल्यासारखा बसलाय हे बघून मालिनीताईंनी तोंडाला पदर लावला.

"मयुरेश, पांढरं दिसतंय का रे?" त्यांनी विचारलं.

त्याने काच पुन्हा पुसली.

"आणि मध्ये पिवळा ठिपका?"

मयुरेशने गाडी एका निंबाखाली घेतली. पण तिथे सावली होती आणि पडदा गायब. मालिनीताईंनी त्याला गाडी चार हात पुढे, उन्हात घ्यायला लावली. मग उतरल्या, पुढचं दार उघडून गुरुजींना उतरवलं, आत वाकल्या आणि गणपतीच्या वस्त्रावर आपला हात ठेवला. काचेत, रस्त्याच्या ऐन मध्यावर, बांगड्यांसकट एक हात उमटला. त्यांनी गणपती उचलला, ठिपका गेला. वस्त्र ओढलं, पडदा गेला. खाली राहिली ती नुसती तेलाची झळाळी, तीही काचेत भरपूर चमकत होती. मालिनीताई रस्त्याकडेच्या दगडावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मोतीबिंदू आपल्याला नाही, गाडीला झाला होता, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मयुरेशही हसला, जरा ओशाळून.

गुरुजी मात्र पडलेल्या चेहऱ्याने ते वस्त्र हातात धरून उभे होते.

"तू गाडी काढलीस की रोज मला भीती वाटायची," ते म्हणाले. "बोललो असतो तर तू हिरमुसली असतीस. म्हणून समोर गणपती बसवला आणि तेल लावत बसलो."

संसाराच्या तेहेतीस वर्षांत त्यांनी असं कधी काही कबूल केलं नव्हतं. मालिनीताईंचं हसू थांबलं. त्यांनी गुरुजींच्या हातातलं वस्त्र घेतलं, नीट घडी केली आणि म्हणाल्या की भीती वाटली तर सांगत जा, मी हळू चालवीन.

लंकाबाईंनी सगळी हकिकत ऐकली आणि पूजा आटोपताच गाडीत डोकं घातलं. "आवं गुर्जी, लय नटवली की गाडी. आमच्या पोराच्या पिकअपमधी बगा, समोर काय बी चमकाया ठेवत नाय." मग त्या हटल्याच नाहीत. साबणाच्या पाण्याने दोनदा तेल काढलं, कोरड्या फडक्याने पुसलं, आणि गोठ्यातल्या जुन्या घोंगडीचा एक काळाभोर, राठ तुकडा मापाने कापून तिथे पसरला. हवेच्या जाळ्या आणि एअरबॅगचं झाकण मयुरेशने मोकळं ठेवायला लावलं. घोंगडीवर ऊन पडलं ते तिथेच मुरलं, काचेत त्याचा मागमूस नाही. आता सगळे गुरुजींकडे बघू लागले, कारण काळं वस्त्र त्यांना चालणार की नाही हा प्रश्न होता. गुरुजींनी बराच विचार केला आणि लोकर ही मुळातच सोवळी असते, तिला विटाळ नाही, असा निर्वाळा दिला. पण गणपती तिथे बसवायचा नाही हे त्यांनी स्वतःच ठरवलं. पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून त्यांनी तो मांडीवर घेतला.

निघताना तीन वाजले होते, ऊन रणरणत होतं. मयुरेशने चावी आईला दिली, मी मागे बसून बघतो म्हणाला, आणि मागे बसला तो दोन सीटांच्या मधून मान काढूनच. खड्डा आहे. सायकलवाला आहे. ट्रॅक्टर येतोय. मालिनीताईंना ट्रॅक्टर केव्हाच दिसला होता, त्यावर बसलेल्या बाईच्या डोक्यावरचा हिरवा रुमालसुद्धा. रस्ता घासून ठेवलेल्या तव्यासारखा काळाकुळकुळीत समोर पसरला होता, आणि त्यांनी शिक्का मारल्यासारखा चौथा गिअर टाकला.

ढकांबे आलं आणि मागून सूचना यायच्या थांबल्या. गुरुजींनी अथर्वशीर्षाला सुरुवात केली, सहज मागे वळून पाहिलं आणि ते एकदम गप्प झाले. मालिनीताईंनी आरशात बघितलं. शिऱ्याचा प्रसाद आणि वर पुरणाचं जेवण झालेला मयुरेश काचेला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. पुढचे गतिरोधक त्यांनी इतके अलगद घेतले की गणपतीही हलला नाही.

पंचवटीचं वळण आलं. घराकडे वळू का, असं त्यांनी हळूच विचारलं.

गुरुजींनी मुलाकडे पाहिलं, मग समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे.

"झोपू दे त्याला," ते म्हणाले. "सरळ चल."