विस्तव मागायला गेलेली

एकोणीसशे साठच्या सुमारास माझी दिग्रसच्या शाळेत नेमणूक झाली. लग्नाला वर्षही झाले नव्हते. पत्नी झरीकडच्या जंगलातील खेड्यात वाढलेली. आम्ही कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या आळीत दोन खोल्या घेतल्या.

महिन्याभरात तिला तो त्रास सुरू झाला. दुपारी एकटी असताना छाती धडधडे, हातपाय गार पडत, आता आपण मरणार असे वाटे. डॉक्टरांना काही दोष आढळला नाही. माझ्या वडिलांचा निरोप आला, की दिवाळीपर्यंत बरे न वाटल्यास तिला माहेरी पोचवावे. अशी पोचवलेली मुलगी क्वचितच परत येते, हे आम्ही दोघेही जाणत होतो.

मी क्रमाने कारणे तपासू लागलो. आधी अन्न, मग झोप, मग पाणी. खरे कारण तिच्या बोलण्यातून कळले. तिच्या गावी पहाटे ज्या घरातून धूर निघे, तिकडे बायका गोवरी घेऊन विस्तव मागायला जात. गोवरी पेट धरेपर्यंत कोण आजारी, कोणाची गाय व्याली, सारे समजे. आमच्या घरी आगपेटी होती. त्यामुळे कोणाचे दार वाजवण्याचे निमित्तच उरले नव्हते. घबराटीला आपण मनाचा दोष मानतो. तिचे मूळ पुष्कळदा आळीत असते.

एका सकाळी ती गोवरी घेऊन समोरच्या घरी गेली. तिथली मावशी हंगामात जिनात कामाला जाई, एरवी घरीच असे. तिच्या जिभेला आळी वचकून असे.

"काव पोरी, मास्तरच्या घरी आगपेटी नाही काय?"

"हाये, मावशी."

"मंग इस्तू कायले पाह्यजे?"

"तुमच्या घरात याले."

मावशीची चूल अजून पेटली नव्हती. तिने स्वतःची काडी ओढून ती पेटवली आणि म्हणाली, "बस मंग. गोवरी काही लगेच धरत नाही."

त्रास एकदम गेला नाही. दिवाळी तोंडावर असताना मी शाळेतून परतलो, तर दाराला बाहेरून कडी. समोर मावशीच्या मांडीवर डोके ठेवून ती झोपली होती. धडधड सुरू होताच आपणहून तिकडे गेली होती. मावशीने मला हातानेच थोपवले.

"निजू द्या. आज भाकर तुमीच थापा, मास्तर."

तिला माहेरी पोचवणार नाही, असे मी वडिलांना त्याच संध्याकाळी कळवले. भाकरी जाड झाल्या आणि कडेने करपल्या. त्यातली बरी निघालेली तिच्यासाठी झाकून ठेवली.