टाकीला उपाशी ठेवायचं होतं

कारखान्यात तिला सगळे वहिनीच म्हणत. कारण तपासणीच्या खोलीत तिची धाकटी नणंद कामाला, आणि पहिल्याच दिवशी तिने लांबून "अगं वहिनी!" अशी हाक मारून नव्या ऑपरेटरबाईंचं बारसं उरकून टाकलं होतं. पुढे मॅनेजरसाहेबांच्या तोंडातही तेच बसलं.

कारखाना यीस्टचा. पाव फुगवतं ना, ते. वहिनीचं काम त्या भल्यामोठ्या टाकीतल्या यीस्टला खाऊ घालायचं: मळीतली साखर आणि अमोनियातला नायट्रोजन. दोन्ही पोटभर मिळालं की यीस्ट नुसतं पोरंबाळं वाढवत सुटतं, साठवणीच्या नावाने शून्य. म्हणून शेवटी अमोनिया बंद करायचा आणि मळीची बारीक धार तेवढी ठेवायची. वाढताच येईना म्हटल्यावर ते गुपचूप साखर पोटात साठवायला लागतं. त्या शिदोरीवरच वाळवणं सोसतं आणि पाकिटात जिवंत राहतं.

वहिनीला हे तोंडपाठ होतं. आज तर अख्खी टाकी पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या हाती. नीट उतरली तर पाळीची प्रमुख, नाहीतर आहेच पुन्हा पाइप धुणं.

पण त्या आठवड्यात बाई डाएटवर होत्या. अमोनिया बंद केल्यावर टाकीची खळखळ मंदावली, आणि काचेतून बघता बघता तिला अगदी भरून आलं. "मेल्यांनो, तुमच्यापण पोटात कावळे का?" म्हणत तिने अमोनियाचा नळ जरासा सैल सोडला. पाहुण्यांच्या ताटातही ती असंच "एवढंसंच हं" म्हणत डोंगर रचायची.

दुपारी नणंदेने नमुन्यावर आयोडीनचा थेंब टाकला. साठवण असती तर तपकिरी झाला असता. हा पिवळा तो पिवळाच.

"वहिनी, हे तर कफल्लक आहे गं!"

"काहीतरीच! किती गुटगुटीत दिसतंय."

"गुटगुटीत नाही, लेकुरवाळं. सूक्ष्मदर्शकातून बघ, प्रत्येकाच्या कडेवर एक पिल्लू. अमोनिया चालू होता ना?"

वहिनीने छताकडे पाहिलं. "थोडासाच. बिचारी उपाशी होती."

"उपाशीच ठेवायची होती! आता वाळवायला नेलं तर निम्मं मरेल. आणि तुझी बढती?"

वहिनी तशीच उठून मॅनेजरसाहेबांकडे गेली. "साहेब, दया आली आणि घात झाला. टाकीला थोडा वेळ द्या."

साहेबांनी कपाळ चोळलं. "संध्याकाळपर्यंत वाळवण थांबवतो. तोवर रंग आला तर आला."

नळ घट्ट झाला. उरलासुरला अमोनिया संपून टाकीला भूक लागेपर्यंत करायचं काहीच नव्हतं, आणि काहीच न करणं वहिनीला जन्मात जमलेलं नव्हतं. नणंद नळाशीच स्टूल टाकून राखणीला बसली. वहिनीने चहा मागवला. मग आणखी एक. साखर जरा सढळ.

"तुझं डाएट ना?"

"आहे की. डाळ बंद, अंडी बंद. चहाने काय होतंय?"

नणंदेने टाकीकडे पाहिलं, मग वहिनीच्या कमरेकडे. "वहिनी, बाकी सगळं बंद आणि नुसती साखर चालू?"

वहिनीचा कप ओठांशीच थांबला. "अगं बाई! म्हणजे मी आठवडाभर साखर साठवून स्वतःलाच वाळवणीला तयार करतेय! आणि वजनकाट्याला बिचाऱ्याला शिव्या घालतेय!" ती इतकी हसली की अर्धा चहा पदरावर सांडला.

संध्याकाळी पुन्हा थेंब पडला. वहिनीने डोळे गच्च मिटून घेतले.

"उघड आता. तपकिरी आहे. चांगला गडद."

साहेबांनी नमुना उजेडात धरून पाहिला. "पाळी तुमची, वहिनी. फक्त उद्यापासून अमोनियाच्या नळाला कुलूप, आणि किल्ली नणंदबाईंकडे."

"द्या साहेब, खुशाल द्या," वहिनी म्हणाली. "आमच्या फ्रिजचीही तिलाच देते. तिथे तर मला स्वतःचीच जास्त दया येते."