ठेवणीतले बूट

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे ‘एक’ म्हणतात. पूर्ण नाव एकनाथ, पण अमेरिकन माणसाला ‘नाथ’पर्यंत पोचायचा धीर नसतो. मी म्हणते, बरोबरच आहे. असा माणूस एकच. दोन असते तर आमच्या ॲन आर्बर गावाला झेपले नसते.

ह्यांचं काम काय, तर गाडीची दारं आपटणं. म्हणजे स्वतः नाही, मशीन आपटतं. उघडायचं, आपटायचं, उघडायचं, आपटायचं, आणि दाराभोवतीचं रबर कधी फाटतंय त्याची वाट बघत हे शेजारी उभे. अकोल्याचा मुलगा एवढं इंजिनियरिंग शिकून मिशिगनला आला तो दारं आपटायला, हे मी सासूबाईंना कधी कळू दिलं नाही. त्यांना वाटायचं, मुलगा मोटारी बनवतो. पण त्या दारांतून ह्यांनी एक तत्त्वज्ञान काढलं होतं. वापरलं की झिजतं, न वापरलं की टिकतं. झालं! आमचं अख्खं घर त्याच्यावर चालायचं.

सोफ्यावर प्लास्टिक. लँपच्या शेडवर प्लास्टिक. लग्नात आलेला कपबश्यांचा सेट सात समुद्र ओलांडून आला आणि कपाटात जाऊन बसला. चहा आम्ही बँकेने फुकट दिलेल्या मगांतून प्यायचो. लाँग डिस्टन्स फोन रविवारीच, आणि तोही सांगण्यासारखं काही असेल तर. “थोडं साठू दे गं, मग करू.” माझ्याशी गोड बोलणंसुद्धा ठेवणीतलं. लग्नाच्या वाढदिवशी काढायचे, दोन वाक्यं बोलायचे आणि परत घडी घालून ठेवून द्यायचे. मी कितीदा भांडले. पण पालथ्या घड्यावर पाणी.

शौक म्हणाल तर एकच, स्कीइंग. खुर्चीत बसून डोंगरावर जायचं आणि घसरत खाली यायचं, तसलं नव्हे. रस्ता नसलेल्या जंगलातून, स्वतःच्या पायांनी बर्फ तुडवत चढायचं आणि मग घसरायचं. त्याला इथे बॅककंट्री म्हणतात. ह्यांना ते ऑफिसातल्या एका फिनलंडच्या म्हाताऱ्याने शिकवलं. आमची वीणा दातपडकी होती तेव्हापासून बापाच्या मागे जायची. मग घरात एकटी बसून काय करू, म्हणून मीही शिकले. मी सातारची, चढाला भीत नाही. ह्यांच्यापेक्षा कमी पडते, हे मी अभिमानाने सांगते.

आता ह्या स्कीच्या बुटांचं एक आहे. बुटाच्या सोलला पुढे बदकाच्या चोचीसारखी जीभ असते आणि तिला खालून तीन भोकं. ती भोकं स्कीवरच्या तीन पिनांवर बसवायची आणि वरून खटका दाबायचा. टाच मोकळी. म्हणजे माणसाचा आणि स्कीचा सगळा संबंध त्या जिभेपुरता. सोल गेला की संबंध संपला.

ह्यांचे जुने बूट युनिव्हर्सिटीतल्या एका पोराकडून सेकंडहँड घेतलेले. त्यांच्या सोलमध्ये मूळचं असं काही उरलंच नव्हतं. भोकं झिजून मोठी झाली, तिथे पत्र्याचा तुकडा ठोकलेला. टाचेला सायकलची ट्यूब. मध्ये इपॉक्सी, वरून डक्ट टेप. एकदा तर आतला स्क्रू तळपायात घुसला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. डॉक्टरने विचारलं, “खिळ्यावर पाय पडला का?” हे म्हणाले, “नो, खिळा माझाच आहे.”

म्हणून ह्यांच्या चाळिशीला मी नवे बूट आणले. लायब्ररीतली माझी नोकरी नुकतीच लागली होती, पहिल्या पगाराची हौस होती. जाड चामडं, पिवळी लेस आणि पिवळट सोल तर असा की ट्रकच्या टायरने हेवा करावा. दुकानदार म्हणाला, हा शिवलेला नाही, ओतलेला सोल आहे, एकदम लेटेस्ट. ह्यांनी खोका उघडला, बूट हातात घेतले, वास घेतला. डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. म्हटलं, चला, पैसे वसूल.

“वसुधा, हे फारच चांगले आहेत गं.”

“मग घाला की.”

“इतके चांगले बूट बर्फात घालायचे?”

“नाही, लग्नात घाला. स्वतःच्या नाही, वीणाच्या!”

पण माझा टोमणा ह्यांनी सल्ला म्हणून घेतला. माझ्या जुन्या सुती साडीत बूट गुंडाळले, त्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत डांबराच्या गोळ्या, तोंडाला सुतळी. आणि बेसमेंटमध्ये, कपडे वाळवायच्या मशीनच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवले. का, तर तिथे ऊब असते.

वर्षातून एकदा ते बाहेर यायचे. खंडेनवमीला. आमच्या गॅरेजमध्ये गाडीची पूजा, बर्फ उडवायच्या स्नोब्लोअरची पूजा आणि त्यांच्या शेजारी पाटावर हे बूट. पहिल्या वर्षी मी कडाडले, “अहो, पायताणाला हळदकुंकू? देव काय म्हणेल?”

“पायताण नाही ते. वाहन आहे,” हे म्हणाले. “गाडीला चालतं, मग ह्याला का नाही?”

इंजिनियरशी कोण वाद घालणार? ओल्या फडक्याने बूट स्वच्छ पुसायचे, चोचीवर कुंकू लावायचे, फुलं वाहायचे, नमस्कार करायचे आणि तसेच ओले परत पिशवीत. सुतळीला नवी गाठ. की परत पुढच्या दसऱ्यापर्यंत बूट समाधीत.

आता वीणाचं सांगते. वरच्या मिशिगनमध्ये पॉर्क्युपाइन माउंटन्स म्हणून डोंगर आहेत. पॉर्क्युपाइन म्हणजे साळिंदर. त्या साळिंदराच्या डोंगरात एक लाकडी झोपडी भाड्याने मिळते. हिवाळ्यात तिथे स्कीवरूनच जावं लागतं. वीणा बारा वर्षांची असताना तिने त्याचा फोटो पाहिला आणि बापाच्या मागे लागली. “बाबा, आपण जाऊ या.” हे म्हणाले, “जाऊ. पण ते लांब आहे. तिथे नवेच बूट पाहिजेत. पुढच्या वर्षी काढू.” पुढच्या वर्षी बर्फ कमी. त्याच्या पुढच्या वर्षी बर्फ जास्त. त्याच्या पुढे ऑफिसात कुठलंसं नवं दार आलं, ते आपटायला माणूस नाही. पोरगी दर जानेवारीत विचारायची आणि दर जानेवारीत तिचं तोंड उतरायचं. मला त्या बुटांचा राग यायला लागला. सवत परवडली, निदान ती घराबाहेर तरी पडते.

सत्याऐंशी साल उजाडलं. वीणाला कॅलिफोर्नियातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. ऑगस्टमध्ये जाणार. हा घरातला शेवटचा हिवाळा. ह्या वेळी तिने बापाला विचारलंच नाही. झोपडी स्वतः बुक केली, आणि निघायच्या आदल्या दिवशी बापाचे जुने बूट उचलून कचऱ्यात टाकले. सकाळी कचऱ्याची गाडी आली आणि घेऊन गेली.

“माझे बूट?” हे गॅरेजमध्ये गोल गोल फिरत होते.

“गॉन,” वीणा म्हणाली. “तुमचे दुसरे आहेत ना, देवाचे?”

मी मनातल्या मनात तिची दृष्ट काढली. माझी पोरगी!

दिवसभर गाडी चालवून आम्ही पोचलो, मोटेलात राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी ह्यांनी सुतळी सोडली. बूट बाहेर आले. चामडं चकचकीत, चोचीवर सगळ्या खंडेनवम्यांचं कुंकू. ह्यांनी लेस बांधली, उभे राहिले, दोन पावलं टाकली. चेहरा असा की नवरदेवाने बघावा. “वसुधा, काय बूट आहेत गं!” हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य, वाढदिवस नसताना. मी लाजलेसुद्धा.

अर्धी वाट झकास गेली. हेमलॉकची झाडं, मऊ बर्फ, पुढे वीणा, मध्ये हे, मागे मी. चालता चालता मला बर्फावर पिवळे कण दिसायला लागले. वाटलं, पुढे कोणी लाडू खात गेलं. मग कण मोठे झाले. मी हाक मारणार तेवढ्यात एक छोटा उतार आला. ह्यांनी गुडघे वाकवले, काठ्या टेकल्या आणि निघाले. म्हणजे डावी स्की निघाली. तिच्यावर खटक्यात घट्ट बसलेली चोच निघाली, चोचीबरोबर सोल निघाला. हे तिथेच राहिले. स्की आपली एकटीच उतारावरून ऐटीत खाली गेली, एका झाडाला टेकून थांबली. हे एका पायावर उभे राहून तिच्याकडे बघत होते. मग पडले.

मी हसले. काय करू, खोटं कशाला सांगू? पोट धरून हसले. वीणाही हसली. तेवढ्यात उजव्या सोलनेही राम म्हटलं.

हे बर्फात बसून राहिले. सोलचा तुकडा दोन बोटांत घेतला, चोळला. अनारसा मोडावा तसा भुगा. तो भुगा बघताना चेहरा एकदम ऑफिसातला झाला. “हा फोम आहे,” ते हळूच म्हणाले. “ऊब आणि ओल, दोन्ही मिळाली की आतून कुजतो. आणि मी पिशवीचं तोंड बांधून ठेवलं. घातले असते, वाळवले असते, तर चालले असते गं अजून.”

दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर ह्यांनी ऐकलं नसतं. ह्या वेळी सोनार पण हेच आणि कानही ह्यांचेच. माझं हसू थांबलं.

मग त्यांनी हात झटकले. “चला. परत फिरू. पुढच्या वर्षी...”

“बाबा, देअर इज नो नेक्स्ट इयर!”

वीणा इतक्या जोरात ओरडली की झाडावरचा बर्फ खाली आला. आणि मग ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, नाक पुसत. “नेक्स्ट इयर मी नसणार. मी जुने फेकले म्हणून हे झालं, आय नो, आय ॲम सॉरी, पण मला तुमच्याबरोबर यायचं होतं. एकदाच.”

मला वाटलं, आता हा माणूस एखादं तत्त्व सांगेल आणि मी काठीने मारीन. पण त्यांनी पाठीवरची सॅक उघडली आणि आतून लेंगा काढला. जगाच्या पाठीवर कुठेही गेले तरी रात्री ह्यांना पांढरा लेंगा लागतो, आणि त्याची नाडी मी दर वर्षी नवी घालते. ती नाडी ह्यांनी सर्रकन ओढून काढली, आणि बुटाखाली उरलेल्या चामड्याभोवती सॅकमधली प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वरून करकचून बांधली. दुसऱ्या पायाला माझा मफलर. चांगला, लोकरीचा, अर्थातच ठेवणीतला.

“अहो, तो...”

“असू दे,” हे म्हणाले. “वीणा, पुढे हो. वाट तुडव.”

स्की खांद्यावर, पाय पोटऱ्यांपर्यंत बर्फात, दर थोड्या वेळाने गाठ सुटायची. वीणा थांबायची, गुडघ्यांवर बसून बापाच्या पायाची नाडी बांधायची. हे तिच्या टोपीवरचा बर्फ झटकायचे. दोघं काय बोलत होती मला ऐकू येत नव्हतं, पण सारखी हसत होती. एवढं बोलताना मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी मुद्दाम मागे राहिले.

संध्याकाळी झोपडीत पोचलो, शेगडी पेटवली, खिचडी केली. हे एका हाताने लेंगा धरून आणि एका हाताने खिचडी वाढत सगळीकडे फिरत होते. मी म्हटलं, “बसा हो, अब्रू जाईल.” वीणा म्हणाली, “बाबा, वाढताना दोन्ही हात वापरू नका, प्लीज!”

ऑगस्टमध्ये ती गेली. घर एकदम रिकामं झालं. हे तिच्या खोलीच्या दारापाशी जायचे, दार उघडायचे, लावायचे. आपटायचे नाहीत, हळूच लावायचे. मला बघवायचं नाही.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. गुरुवार होता. मी लायब्ररीतून घरी आले तर गाडीला हार होता, स्नोब्लोअरला कुंकू होतं, पाट मात्र रिकामा. आत आले तर हे किचनमध्ये उभे. पायात कोरे करकरीत नवे बूट, चोचीसकट, आणि चोचीला गवत लागलेलं. ते बूट घालून ह्यांनी लॉन कापलं होतं.

“अहो! कार्पेटवरून चालत आलात?”

“वापरले पाहिजेत,” हे म्हणाले. “नाहीतर भुगा होतो.”

समोर लग्नातला कप, त्यात चहा. मी काही बोलणार तर त्यांनी हात वर केला. दुसऱ्या हातात भिंतीवरचा फोन होता, आणि नंबर फिरवला तो कॅलिफोर्नियाचा. गुरुवारी! भर दुपारी! पोरीला काही झालं की काय?

पलीकडे वीणालाही तेच वाटलं असावं. तिचा घाबरलेला आवाज मला इकडे ऐकू आला, “बाबा? काय झालं? इज आई ओके?”

“सगळं ठीक आहे,” हे म्हणाले. फोनची वायर बोटाला गुंडाळली. “काही नाही गं. उगीच केला.”