विमानाची छत्री उघडून दाखवण्यात येईल

"हे कोन होत?" कुंदाबाईंनी ब्रोशरवरच्या जोडप्यावर बोट ठेवलं.

"मॉडेल्स आहेत, मॅडम," आमच्या मुंबई ऑफिसचा मार्केटिंग हेड रोहन म्हणाला. "आपण लाइफस्टाइल दाखवतोय."

"आन् विमान?"

विमान होतं. मागे, सूर्यास्तात, जरासं धूसर. पुढे काळे चष्मे लावलेलं जोडपं समुद्राकडे पाहून हसत होतं.

"वडश्याले समुद्र नाई," कुंदाबाई म्हणाल्या आणि ते गुळगुळीत ब्रोशर त्यांनी माझ्या चहाच्या कपाखाली सरकवलं. टीपॉयवर डाग पडू नये म्हणून.

मी कादर, राहणार चंद्रपूर. आमच्या घरात आजोबांपासून कापड विकतात. मी विमानं विकतो. लग्नात कुणी माझी अशी ओळख करून दिली की समोरचा आधी हसतो आणि मग माझ्या चपलांकडे पाहतो. त्याचंही चुकत नाही. मी विकतो ती विमानं तुम्ही तिकीट काढून बसता तसली नव्हेत. चार सीटची, पिस्टन इंजिनची, नाकावर एक पंखा असलेली. पिस्टन म्हणजे तुमच्या मोटारीच्या इंजिनात वरखाली होतो तोच. मोटारीचं चुलत भावंडच म्हणा, फक्त याला रस्ता लागत नाही.

धंद्यातली एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. असलं विमान गरजेपोटी सहसा कोणी घेत नाही. गरजेच्या वस्तूला ब्रोशर लागत नाही. तांदळाचं ब्रोशर कधी पाहिलंय का? छोट्या विमानाचं इंजिन वर्षानुवर्षं जवळपास तेच आहे, पंख तेच, हवा तर तीच. बदलते ती विमानाभोवती सांगितली जाणारी गोष्ट. ज्याला ती नीट सांगता येते त्याचं विमान विकलं जातं. रोहनला गोष्ट सांगता येत होती, पण ती जुहूची होती.

आणि आम्ही बसलो होतो वडशाला, मधुकरभाऊंच्या दिवाणखान्यात. भाऊंच्या राइस मिल होत्या. शिवाय हौस म्हणून त्यांनी झाडीपट्टीची एक नाटक कंपनी काढली होती. दिवाळी झाली की आमच्या धानाच्या मुलखात गावोगाव रात्रभर नाटकं होतात आणि त्यांचं बुकिंग वडशाला होतं. भाऊ कंपनीचे मालक, आणि नाटकात पोलीस इन्स्पेक्टरही तेच. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी फ्लाइंग क्लबात विमान उडवायला शिकून लायसन्स काढलं होतं. आता त्यांना स्वतःचं विमान हवं होतं. त्यांच्या बायकोला, कुंदाबाईंना, नको होतं.

माझं पूर्ण लक्ष बाईंकडे होतं, कारण त्या वर्षी विदर्भात आमचं एकही विमान खपलं नव्हतं. बॉसनं फोनवर साफ सांगितलं होतं, "कादर, वडशाचं डील झालं तर नागपूरचं ऑफिस राहील. नाही तर तुझी खुर्ची अहमदाबादला." अहमदाबाद चांगलं शहर आहे. पण माझी अम्मी बल्लारशाच्या पुढे जायला तयार नव्हती, आणि अम्मीशिवाय मी जायला तयार नव्हतो.

"वहिनी, वेळ किती वाचंल ते पाहा ना," मी सुरुवात केली.

"पाह्यलं. विमान ठेवाचं मोरव्याच्या धावपट्टीवर, चंद्रपूरजवळ. इथून तिथी गाडीनं जाचं. मंग उडून नागपूरले उतराचं. तेवढ्यात गाडीनं नागपूरले जाऊन, साडी घेऊन वापस येनं होते."

भाऊ खिडकीबाहेर पाहू लागले. हिशेब चोख होता.

मग मी हुकमाचा पत्ता काढला. आम्ही विकतो त्या विमानाला छत्री असते. पॅराशूट. माणसाला नव्हे, अख्ख्या विमानाला. छतात एक लाल हँडल असतं. संकट आलं, पायलटला चक्कर आली, तर ते कोणीही खाली ओढायचं. मागून एक छोटं रॉकेट सुटतं, ते प्रचंड छत्री बाहेर खेचतं, आणि विमान माणसांसकट तरंगत खाली येतं. आमच्या धंद्यात म्हणतात की वेग पायलटला विकावा आणि छत्री त्याच्या बायकोला.

कुंदाबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "पुरं विमान? छत्रीनं?"

"पुरं विमान, वहिनी."

"दाखवा."

"डेमोला या मोरव्याला. सगळं दाखवतो."

परतीच्या वाटेवर रोहननं मला टाळी दिली. मीही दिली. तिकडे वडशाला आपल्या माघारी काय शिजतंय याची आम्हाला कल्पना नव्हती.

डेमोच्या सकाळी मी मोरव्याकडे निघालो तर पुढे एक जीप, तिच्या टपावर दोन भोंगे, आणि त्या भोंग्यांतून ओळखीचा दणदणीत आवाज. भाऊंच्या नाटक कंपनीचा अनाउन्सर.

"रसिक माय-बापहो! आज मोरव्याच्या मैदानात! भर आकाशात! विमानाची छत्री उघडून दाखवण्यात येईल! हो हो, उघडून दाखवण्यात येईल! पाहाले विसरू नका!"

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

झाडीपट्टीत नाटकाची जाहिरात अशीच होते. कथा कोणी सांगत नाही. नाटकात सगळ्यात मोठा सीन कोणता, तेवढाच भोंग्यावर सांगतात. स्टेजवर खरा पाऊस पडेल, खरी मोटारसायकल येईल, असं. भाऊंनी विमानाची गोष्ट ऐकली, त्यातला सगळ्यात मोठा सीन उचलला आणि जीप गावोगाव फिरवली. सवयीनं. त्यांना वाटलं, आपण कादरला मदतच करतोय.

मोरव्याला कुंपणाबाहेर जत्रा भरली होती. ट्रॅक्टर, बैलगाड्या, सतरंज्या टाकून बसलेल्या बाया, शेंगदाणेवाला, तळलेले पोंगे विकणारा. बंदोबस्ताचा हवालदारसुद्धा आभाळाकडे पाहून जागा धरत होता.

"फुटफॉल बघ, कादर!" रोहन हरखून मोबाइलवर शूटिंग करत होता. "ऑर्गॅनिक आहे हे!"

"रोहन, छत्री एकदाच उघडते. उघडली की विमान बहुतेक भंगारात जातं."

त्यानं मोबाइल हळूच खाली घेतला.

आमचे डेमो पायलट कॅप्टन नायर पंखाला टेकून उभे होते. कमी बोलणारा माणूस. "मी आज छत्री उघडणार नाही," ते म्हणाले. "उद्याही नाही."

तेवढ्यात भाऊंची गाडी आली. भाऊंनी पायलटचा पांढरा शर्ट घातला होता आणि खांद्यावर सोनेरी पट्ट्या. पट्ट्या इन्स्पेक्टरच्या ड्रेसवरून उसवून आणल्या होत्या, हे मला मागाहून कळलं.

"कादरभाऊ, पब्लिक पाहा!" त्यांनी मला मिठी मारली. "आता छत्री कवा उघडाची?"

मी सांगितलं. भाऊंचा चेहरा पडला. त्यांच्या मागे उभ्या कुंदाबाईंनीही ऐकलं.

"म्हनजे छत्री दाखवता येत नाई?"

"उघडून नाही, वहिनी. व्हिडिओ आहे..."

"आमच्या धंद्यात भोंग्यावर जे सांगतलं ते स्टेजवर आनाच लागते. नाई तर पब्लिक खुर्च्या फेकते." त्यांनी भाऊंकडे पाहिलं. "चला घरी."

बाई गाडीकडे वळल्या. मला अहमदाबाद दिसू लागलं. अम्मी प्लॅटफॉर्मवर बसली आहे आणि उठायला नाही म्हणते आहे, इथपर्यंत दिसलं.

मी त्यांच्यामागे धावलो. "वहिनी, छत्री खरी आहे. तुमचा भरवसा काऊन नाई बसत?"

त्या थांबल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "छत्रीवर बसते जी. या मानसावर नाई बसत. इन्स्पेक्टर बनून एंट्री घेतेत, हिरोच्या छातीवर पिस्तूल लावतेत, आन् 'हात वर कर' इसरतेत. मी खालून वरडतो तवा आठवते."

"तुम्ही खालून?"

"मंग? प्रॉम्प्टिंग कोन करते?"

इथे वाचकांना सांगायला हवं. झाडीपट्टीत नट रोज नव्या गावात, कधी नव्या नाटकात. पाठांतराला वेळ नसतो. म्हणून स्टेजच्या पुढ्यात एक खड्डा असतो. त्यात प्रॉम्प्टर बसतो आणि अख्खं नाटक खालून खणखणीत सांगतो. प्रेक्षकांना तो ऐकू येतो, पण कोणाची हरकत नसते. भाऊंच्या कंपनीचा प्रॉम्प्टर पगारी होता. मात्र भाऊंची एंट्री आली की तो खड्ड्यातून बाहेर यायचा आणि कुंदाबाई आत उतरायच्या. भाऊ दुसऱ्या कोणाचं ऐकायचेच नाहीत.

"वर आभाळात हे काई इसरले तं कोन सांगन?" बाई म्हणाल्या. "तुमच्या विमानात प्रॉम्प्टर कुठी बसते, सांगा."

रोहन हसला. कॅप्टन नायर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग मी विमानात वाकलो, दाराच्या खिशातून प्लास्टिकमध्ये मढवलेली चेकलिस्ट काढली आणि बाईंच्या हातात ठेवली.

"ही स्क्रिप्ट, वहिनी. पायलटनं काय काय करायचं, ते ओळीनं. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं करून दाखवायचं आणि 'झालं' म्हणायचं. मोठ्या विमानांत दोन पायलट हेच करतात."

बाईंनी चेकलिस्ट चाळली. पदर खोचला. "अवो," त्या भाऊंना म्हणाल्या, "बसा तिकडं."

भाऊ डावीकडे, पायलटच्या सीटवर. बाई उजवीकडे. इंजिन बंद. कॅप्टन पंखावर उभे, मी दाराशी.

"सीट बेल्ट!" बाईंचा आवाज असा निघाला की कुंपणापलीकडची बडबड थांबली.

"झालं!" भाऊंनी इन्स्पेक्टरच्या आवाजात उत्तर दिलं.

"फ्यूएल सिलेक्टर!" म्हणजे कोणत्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ती फिरवायची कळ.

"झालं!"

"दरवाजे!"

"झालं!"

"हे तं कादरभाऊ धरून उभे हाय. झालं कसं?"

भाऊ ओशाळले. मी दार सोडलं. कुंपणावर हशा पिकला. लोकांना इन्स्पेक्टर ओळखू आला होता.

"पॅराशूट हँडलची पिन!"

"काढली!" भाऊ छाती काढून म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं. छतात लाल हँडल, त्यात घुसवलेली पिन, आणि पिनेला एक लांब लाल फीत. विमान उभं असताना कोणी चुकून हँडल ओढू नये म्हणून ती घालून ठेवतात. उडण्याआधी ती काढायची असते. राहिली तर गरजेच्या वेळी हँडल हलत नाही.

"मंग हे काय लटकून राह्यलं?" बाई म्हणाल्या. "तोरन?"

भाऊंनी वर पाहिलं. रोहननं पाहिलं. मीही पाहिलं. आमची सगळी जाहिरात त्या एका पिनेला टांगलेली होती.

कॅप्टन नायर शांतपणे म्हणाले, "मी वाट पाहत होतो, कोणाच्या लक्षात येतं ते."

भाऊंनी पिन उपसली आणि बाईंच्या हातात दिली. "कुंदा," ते हळू म्हणाले, "तू होती म्हनून."

"होतोच ना मी," बाई म्हणाल्या. "पुढची लाइन घ्या."

उड्डाण झालं. नियमाप्रमाणे कॅप्टन उजवीकडे बसले, बाई मागच्या सीटवर हेडफोन लावून. खाली रेडिओवर आम्हाला कॅप्टनचा आवाज यायचा आणि त्याच्या पाठीमागून बाईंचा. विमान इरई धरणाच्या पाण्यावरून वळलं, जंगलाच्या कडेनं एक फेरी घेऊन आलं आणि अलगद उतरलं. बाई खाली आल्या तेव्हा केस विस्कटले होते आणि डोळे चमकत होते.

पण पब्लिक उठायला तयार नव्हतं.

"छत्री कुठी हाय बे?" कुंपणावरून आरोळी आली. मग टाळ्यांचा ठेका सुरू झाला. छत्री! छत्री! अनाउन्सर भोंग्यामागे लपला. हवालदारानं काठी शोधली. काठी कुणाच्या तरी सतरंजीखाली गेली होती.

मी पुढे होणार, तेवढ्यात बाईंनी जीपवरचा माइक हिसकावला.

"ऐका हो! छत्री उघडली नाई, कारन काई बिघडलंच नाई! ज्या दिवशी उघडन त्या दिवशी समजा आमची वेळ वाईट आली. तुमाले छत्री पाहाची हाय का आमाले जिवंत पाहाचं हाय?"

टाळ्यांचा ठेका थांबला. मग एक म्हातारी सतरंजीवरून म्हणाली, "जिवंतच राहा बाई, अजून नाटकं पाहाची हाय." लोक हसले, टाळ्या पडल्या आणि सतरंज्या गुंडाळल्या जाऊ लागल्या.

बाई माझ्याकडे आल्या. "कादरभाऊ, घेऊ आमी विमान. हे क्लबच्या विमानात एकटे उडतेतच. कोन काय इसरते, मले घरी बसून दिसत नाई. त्याच्यापेक्षा माझ्या डोळ्यासमोर उडू दे."

"आन् नागपूरची साडी?" भाऊंनी मध्येच विचारलं.

"ते गाडीनंच."

परवानग्यांना वेळ लागला, पण विमान आलं. नागपूरचं ऑफिस राहिलं. रोहननं या प्रकाराला एक इंग्रजी नाव दिलं, त्यावर मुंबईत प्रेझेंटेशन केलं आणि त्याला बढती मिळाली. प्रेझेंटेशनमध्ये शेंगदाणेवालाही होता. मी नव्हतो. अम्मीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अच्छा हुआ, नजर नहीं लगेगी."

तेव्हापासून डेमोआधी, इंजिन बंद असताना, मी उजवीकडची सीट रिकामी ठेवत नाही. बायको असो, भाऊ असो, भागीदार असो, ज्याचा चेहरा सगळ्यात पांढरा पडलाय त्याला शोधतो आणि चेकलिस्ट त्याच्या हातात देतो. छत्रीबद्दल मी विचारल्याशिवाय बोलत नाही. घाबरलेल्या गिऱ्हाइकाला धीर देत बसू नये, काम द्यावं. धीर तो घरून घेऊन आलेला असतो.