नाचणारा जाळ

"साहेब, ह्यो जाळ बगा. भाकरी करायची का ह्याचा नाच बघत बसायचं?" हौसाबाईंनी तवा उतरवला आणि मला शेगडीसमोर बसवलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कडेगावजवळच्या एका गावात गोबरगॅसच्या एकाच प्लँटवरून सहा घरांना पाइपनं गॅस द्यायची आमची स्कीम होती. डिझाइन माझं. शेवटचं घर हौसाबाईंचं आणि फौजेतून पेन्शनीत आलेल्या त्यांच्या नवऱ्याचं, सुभेदारांचं. त्यांच्या शेगडीतली ज्योत दर दोन सेकंदांनी वर उठायची, खाली बसायची.

"शेजारची आक्काताई मुद्दाम कॉक पिळतीया," सुभेदार म्हणाले.

भिंतीपलीकडून उत्तर आलं, "आवं, सकाळधरनं मी रानात व्हते! कॉकला हात लावला आसंल तर शप्पत!"

आठ दिवस दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. सोमवारी ग्रामसभा होती, आणि प्लँट बंद करायचा विषय पहिलाच होता.

माझं गणित पक्कं होतं. पाइपांच्या प्रत्येक जोडावर जेवढा गॅस येतो तेवढाच पुढं जातो. पाइप लांब आणि अरुंद, तसा दाब कमी होतो. सहा घरांची समीकरणं मी स्लाइड रूलवर सोडवली होती. शेवटच्या घरी दाब यायला हवा होता तीन इंच. म्हणजे वाकवलेल्या काचनळीतलं पाणी तो तीन इंच उचलणार.

मी नळी लावली. पाणी दोन आणि चार इंचांच्या दरम्यान खालीवर होत होतं. सरासरी बरोबर तीन. माझं गणित अचूक होतं आणि भाकरी कच्ची.

सांगलीच्या ऑफिसात परत येऊन मी पाइपमधल्या दाबाच्या लाटेवर सहा पानी रिपोर्ट लिहिला. आमच्या साहेबांनी तो उभ्याउभ्या वाचला.

"ही लाट किती वेगानं जाते?"

"आवाजाच्या वेगानं, सर. जाऊन परत यायला अर्धा सेकंदही लागत नाही."

"आणि ज्योत दोन सेकंदांनी उठते. मग तुमची लाट मध्ये चहाला थांबते का?"

रविवारी मी पुन्हा गावात. मी वही उघडेपर्यंत हौसाबाई अंगणात पाइपाला कान लावून बसल्या होत्या. तशाच सरकत फाटकापर्यंत गेल्या.

"हितं कुनीतरी हुक्का वढतंय!"

मी कान लावला. गुडगुड, गुडगुड. तिथंच खणलं, तर पाइप एकदम खोल उतरून पुन्हा वर आलेला. माझ्या नकाशात तो सरळ होता.

सुभेदार खाकरले. "उसाचा ट्रक जातोय न्हवं वरनं. म्हनून पाइप टाकताना मीच गड्यांना सांगितलं, ट्रेंचवानी खोल घ्या."

गोबरगॅस ओला असतो. त्यातलं पाणी त्या खोलगट जागी साचलं होतं. मागं दाब वाढला की गॅस पाणी ढकलून बुडबुडा काढायचा, मग पाणी परत जागेवर यायचं. पाइप सोडवला तर तांब्याभर पाणी निघालं. त्या जागी मी एक कॉक बसवला, आठवड्यातून एकदा पाणी सोडायला.

ज्योत शहाण्यासारखी उभी राहिली.

"आता जावा पलीकडं आनि चूक झाली म्हना," हौसाबाई म्हणाल्या. सुभेदारांनी टोपी घातली, बटणं लावली आणि परेडला निघाल्यासारखे गेले. आक्काताईंनी त्यांना अर्धा तास बसवून ऐकवलं, मग चहा दिला. सोमवारी ग्रामसभेत प्लँट चालू ठेवायच्या बाजूनं पहिला हात आक्काताईंचाच वर गेला.

समीकरणं चुकली नव्हती. फक्त त्यांत मी गॅस कोरडा आणि सुभेदार गैरहजर धरले होते. पुढं नोकरीभर कुठल्याही लाइनीचं गणित मांडण्याआधी तिच्या कडेनं मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालत गेलो.