आकडा बरोबर होता

माझ्या बापाचा खोकला आमच्या स्मृती नगरातून सुटला की शेजारच्या कोहक्याच्या कुत्र्यांना ऐकू जायचा आणि कुत्री तिकडून उत्तर द्यायची. हे मी चारचौघांत सांगत असलो की बाबा खाटेवरून दुरुस्ती करायचे, "कोहका तं जवळ झाला बे. रसमड्यापर्यंत जाते." आमच्या घरात खोटं कोणी बोलत नाही. आहे तेच जरा फुगवून सांगतो, इतकंच.

बाबा भंडाऱ्याकडची धानाची शेती भावाच्या हवाली करून इथे आले आणि तेहतीस वर्षं पोलादाच्या प्लांटमध्ये, लोखंड वितळवणाऱ्या ब्लास्ट फर्नेसवर उभे राहिले. निळी काच डोळ्याला लावून भट्टीच्या पोटात बघायचे आणि मीटर काही का म्हणेना, "आज इचं मन नाई" असं सांगून मोकळे व्हायचे. रिटायर झाल्यावर फुप्फुसांनीही काम सोडलं. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावून दिलं. फ्रिजच्या धाकट्या भावासारखं दिसणारं, दिवसभर घुरघुरणारं. बोटाला लावायला एक चिमटा, त्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, यांना अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव पुष्कळ झालं, मशीन एक लिटरच्या वर नेऊ नका. मी मान हलवली. मान हलवण्यात मी पूर्वीपासून तरबेज.

मी एका कॉलेजात शिकवतो आणि उरलेल्या वेळात रेणू हलवतो. म्हणजे कॉम्प्युटरवर. प्रत्येक अणूला बाकीचे किती ओढतात, किती ढकलतात याचं गणित मांडायचं, त्याला केसभर सरकवायचं, पुन्हा गणित, पुन्हा सरकवणं. एका सरकण्यात एका सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग पुढे जातो. या हिशेबानं रेणूनं नुसती कूस बदललेली बघायलाही महिना जातो. माझा कॉम्प्युटर त्या महिन्यात इतका तापायचा की आई त्याच्यावर कुरड्या वाळवायची. (एकदाच वाळवल्या. दोनच होत्या.)

फुप्फुसाच्या आतल्या अस्तरातला एक प्रथिनाचा गुंता मी घेतला होता. तो कसा उलगडतो, एवढंच बघायचं होतं. पण गल्लीत मी सांगितलं, बाबांचं औषध माझ्या कॉम्प्युटरवर शिजतंय. खरं म्हणाल तर त्यातून औषध निघायला मला आणखी दोन जन्म आणि एक मंत्रालय लागलं असतं. बाबांनी ते खरं मानलं की नाही, मला अजून माहीत नाही. रोज सकाळी विचारायचे मात्र, "शिजलं का बे?"

एक दिवस मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. "पाहा बाबा, तुमच्या छातीतला माल. बरोबर अंगाच्या गर्मीवर ठेवला हाय."

पडद्यावर गुंता डावीकडून उजवीकडे सणसणत जात होता. उजवीकडून बाहेर पडला की पुन्हा डावीकडून आत. बाबांनी नाकातली नळी सारखी केली आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे गरम नाई," म्हणाले.

"बाबा, इथं आकडा हाय ना. सदतीस डिग्री."

"आकड्याले काय चाटतं? गरम चीज आतून तडफडते. हे तं दगडावानी जाऊन राहिलं. गोठलं हाय हे."

मी हसलो. ब्लास्ट फर्नेसवाला मला रेणू शिकवतोय! कॉलेजात दोन दिवस हा किस्सा सांगितला, तिसऱ्या दिवशी सहज हिशेब तपासला आणि खुर्चीतच बसून राहिलो. म्हातारा बरोबर होता. या गणितात तापमान म्हणजे अणूंचा वेग. तो कायम ठेवायला मी प्रोग्राममध्ये एक नियम घातला होता, म्हणजे एक मुकादमच नेमला होता. मुकादम फक्त एकूण धावपळ मोजायचा. कमी पडली तर सगळ्यांना सारखंच पळवायचा, जास्त झाली तर सारखंच आवरायचा. पण कोण कसं पळतंय हे त्यानं कधी पाहिलंच नाही. हळूहळू आतली सगळी थरथर आटली आणि सगळा जोर गुंत्याच्या एका दिशेनं पळण्यात गेला. बेरीज तीच. आत बर्फ, बाहेर सदतीस डिग्री.

मी मुकादम बदलला. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आईला हाक मारली, "ऐकलं का वं? मले आता कॉलेजात घेऊन राहिले!" आणि हसता हसता खोकला लागला, तो अर्धा तास.

मे महिन्यात चिमट्यावरचा आकडा उतरू लागला. नव्वद, अठ्ठ्याऐंशी, एकदा सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी पुरे, हे डॉक्टरांचं बोलणं मला पाठ होतं, पण माझ्या डोळ्याला तो आकडा आजारी दिसायचा. मी मशीनची कळ दोनवर नेली. मग तीनवर. मग चारवर. आकडा सत्त्याण्णव. मी त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, घोडा धावतोय.

आई म्हणाली, "कावून वाढवून राहिला बाबू? डॉक्टरनं नाई म्हटलं ना?"

"आई, आकडा पाह्य ना तू."

"मी त्यायच्याकडं पाहून राहिली. लय झोपतेत."

"शांत झोपतेत. खोकला तरी आला का?"

खोकला खरंच थांबला होता. गालांवर लाली आली होती. सकाळी डोकं दुखतं म्हणाले, मी उन्हावर ढकललं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई चहा घेऊन गेली तर त्यांचे हात पंख फडफडावेत तसे हलत होते आणि ते भट्टीच्या पाळीवरच्या कोणाला तरी दार उघड म्हणून सांगत होते. मग तेही बंद झालं. आम्ही हलवलं, तोंडावर पाणी मारलं. चिमट्यावर सत्त्याण्णवच होतं.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "ऑक्सिजन किसने बढ़ाया?"

"मैंने."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नीट समजावलं की यांच्या फुप्फुसांना वापरलेली हवा बाहेर टाकणं जड जातं, ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला की ती आणखी साठते आणि मेंदू गुंगतो. चिमटा ती हवा मोजतच नाही.

बाहेरच्या बाकावर बसलो. मला कोणी काही शिकवायचं उरलं नव्हतं. आकडा कसा फसवतो ते ज्या माणसानं मला दाखवलं होतं, त्याच्याच शरीरावर मी तोच मुकादम नेमला होता. तिसऱ्या दिवशी बाबा गेले. मधे जागे झाले नाहीत.

तेरवीला भंडाऱ्याहून काका आले. जेवणं झाली, अंगणात सतरंजी पडली, आणि काका म्हणाले, "बाबू, तू तं खोलून सांगशील. कसा गेला बे भाऊ?"

सगळे जरा पुढे सरकले. माझं सांगणं म्हणजे तासाभराची निश्चिंती, हे त्यांना ठाऊक होतं. मी तोंड उघडलं.

"झोपेत गेले," आई दारातून म्हणाली. "काई तरास नाई झाला."

"बस? इतकंच?" काकांचा चेहरा पडला.

"इतकंच," मी म्हणालो.

पाहुणे गेल्यावर आई भांडी विसळत होती. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. "आई, तुले सगळं माहीत हाय ना?"

"हाय."

"मंग कावून नाई सांगितलं?"

तिनं गंज पालथा घातला, हात पदराला पुसले. "मीबी तं घरातच होती," म्हणाली. "ते बटन मलेबी फिरवता येत होतं."