चकलीच्या तेलाचं बटण

सिल्व्हर पार्कमधलं सर्वांत मोठं कुटुंब माझ्या मामेबहिणीच्या, ताईच्या, यजमानांचं आहे. मतदारयादीत त्या घरात आता एकच नाव उरलंय, पण आतल्या खोलीतल्या काचेच्या बरण्यांत अब्जावधी जीव बसून जेवत असतात, आणि जेवतात फक्त तेल. भावोजी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. त्यांची सवय निवृत्त झाली नाही. हे जिवाणू तेल खाऊन अंगात प्लास्टिक साठवतात, मातीत जिरून जाणारं. "मात्र त्यांचा नायट्रोजनचा पुरवठा तोडायचा," भावोजी सांगतात. "वाढता येईना, की साठवत बसतात." एवढं बोलून ते ताईच्या कपाटाकडे बघतात. मी विषय बदलतो.

फरसाणवाल्याकडून जळकं तेल आणायला ते स्वतः जातात. एकदा त्याने विचारलं, "अंकल, इस तेल का करते क्या हो?"

"पाले हैं. उनको खिलाता हूँ."

"कुत्ते?"

"नहीं, छोटे हैं."

"कितने हैं?"

"गिने नहीं."

तेव्हापासून तो त्यांना तेल देतो, पण नजर देत नाही. सोसायटीने 'पर्यावरणरत्न' म्हणून भाषणांसकट शाल दिली, ती भावोजींनी बरण्यांवर पांघरली. त्या खोलीत बरण्यांना हवा पुरवणारा माशांच्या टाकीचा पंप कोणी झोपेत श्वास घ्यावा तसा चालतो. आपण बोललो की भावोजी ओठांवर बोट ठेवतात. "हळू. जेवतायत." अंगातले प्लास्टिकचे दाणे काढायला जिवाणू मारावे लागतात, आधी ते हात जोडतात. मी हसायचो.

गेल्या महिन्यात त्यांनी फडताळातून स्टीलचा डबा काढला. त्यात ताईने शेवटच्या दिवाळीला ओवा घातलेल्या चकल्या तळून गाळून ठेवलेलं तेल. तीन वर्षं कोणी हात लावला नव्हता. फरसाणवाल्याचं तेल म्हणजे नुसता सराव होता, हे मला तेव्हा कळलं. "चुकलो तर हे पुन्हा कुठून आणणार, मेव्हणे?"

तेल बरणीत गेलं आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. पंप थांबला. हवा नाही तर जिवाणू मरणार, ताईचं तेल फुकट. मी वॉचमनचा सायकलचा पंप आणून बरणीच्या नळीला लावला, आणि आम्ही दोन म्हातारे आळीपाळीने हवा भरत बसलो. तासाभराने माझा खांदा भरून आला.

"तुम्ही मारा आता, भावोजी."

"मी? तुम्हीच मारताय ना?"

पंप आमच्या दोघांच्या मध्ये जमिनीवर आडवा पडला होता. बरणीत बुडबुडे येत होते. संथ, एकामागून एक, वीज येईपर्यंत.

"नळीत हवा अडकली असेल," मी म्हणालो.

"असेल," भावोजी म्हणाले. मग बरणीकडे बघत, "तिला काम दुसऱ्यावर सोडणं कधी जमलंच नाही."

त्या तेलातून मूठभर पांढरी भुकटी निघाली. ती तापवून, साच्यात दाबून एक बटण झालं. भावोजींनी ते सदऱ्याला स्वतः शिवलंय, वाकडं. तुळशीच्या कुंडीत पुरलं तर काही महिन्यांत नाहीसं होईल, म्हणतात. "पुरायचंच आहे," असंही म्हणतात. अजून पुरलेलं नाही.

धुऊन काढलेल्या प्लास्टिकला वास नसतो, हे त्यांनीच मला समजावलं होतं. पण हल्ली ते शेजारी येऊन बसले, की ओव्याचा वास येतो.